चिखलाची बाटली, बंद कपाट आणि समुद्राचा तळ

खानापूरचा_मास्तर
९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. डिसेंबरअखेर नववीची सहल घेऊन आंबोली उतरून वेंगुर्ल्याला गेलो होतो. तेवीस पोरांपैकी चौदा जणांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला. ओहोटीच्या वेळी खाडीकाठी कांदळवनाच्या कडेला फिरताना एकाचा पाय घोट्यापर्यंत रुतला. पाय ओढून काढला तर वरची करडी साय फाटली आणि आतून काळाकुळकुळीत चिखल वर आला. कुजक्या अंड्याचा वास! सगळी पोरं नाक धरून मागं सरली. मी तोच चिखल दोन डब्यांत भरून घेतला, समुद्राचं पाणीही कॅनभर आणलं.

शाळेत आल्यावर दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत खाली वर्तमानपत्राचे कपटे आणि अंड्याचा बलक कालवलेला चिखल भरला, त्यावर साधा चिखल आणि वर चार बोटं समुद्राचं पाणी. झाकण सैल ठेवलं, कारण आत वायू तयार होतो. बाटली खिडकीत ठेवून आज सहा आठवडे झाले. तळाला डांबरासारखा काळा थर आहे. त्याच्यावर शेवाळी हिरवा पट्टा, मग जांभळट लाल पट्टा (पोरं त्याला 'कोकमाचा थर' म्हणतात), वर तपकिरी आणि अगदी पाण्याजवळ हिरवीगार साय. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाच्या नावानं ही बाटली ओळखली जाते. गंधकयुक्त वायूतून शक्ती मिळवून जगणारे जिवाणू त्यानं १८८०च्या दशकात ओळखले होते.

शुक्रवारी एका मुलीनं विचारलं, "सर, ही बाटली खिडकीत न ठेवता कपाटात ठेवली असती, तर आतले सगळे मेले असते काय?" मी म्हटलं, काही मेले असते, काही राहिले असते. ती म्हणाली, "मग समुद्राच्या तळाला तर कायमच कपाट बंद असतंय. तिथले काय खातात?"

मी वर्गात दिलेलं उत्तर मलाच अर्धवट वाटलं. इथं जाणकार आहेत म्हणून धागा काढला. तिला नीट उत्तर द्यायचं आहे. उरलेल्या चिखलाची दुसरी बाटली उद्याच भरून कपाटात ठेवतो.

—

टिळकवाडी_ते_दोनापावला
९ फेब्रुवारी, रात्री ११:१५

सर, धागा वाचून झोप उडाली. मी मूळची बेळगावची, सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला घाट उतरून गोव्यात गेले आणि काही वर्षं समुद्राच्याच गाळात हात घालून काढली.

तुमच्या पोरांनी ज्या वासाला नाक धरलं, त्याच वासापासून ही सगळी गोष्ट सुरू होते. फेब्रुवारी १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ 'ऑल्विन' नावाची छोटी पाणबुडी सुमारे अडीच हजार मीटर खाली उतरली. मोहिमेवर भूशास्त्रज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता, कारण तिथं जीव सापडेल असं कुणाच्या मनातच नव्हतं. त्यांना समुद्रतळाच्या भेगांतून येणारं गरम पाणी शोधायचं होतं. ते सापडलं, आणि त्याभोवती शिंपल्यांची, कालवांची, लांबलचक किड्यांची दाटी दिसली. पाण्याचा नमुना वर जहाजावर आणून उघडला, तर कुजक्या अंड्याचा वास.

त्यातला मोठा नळीकिडा म्हणजे रिफ्टिया. पांढऱ्या नळीत राहतो, टोकाला रक्तासारखा लाल तुरा, लांबी माणसाहून जास्त होऊ शकते. याला तोंड नाही. पोट नाही, आतडं नाही. मग हा जगतो कसा? कॉलीन कॅव्हॅनॉ ही तेव्हा हार्वर्डमध्ये शिकणारी विद्यार्थिनी होती. एका व्याख्यानात तिनं ऐकलं, की या किड्याच्या अंगात गंधकाचे खडे सापडतात. ती तिथंच उभी राहून म्हणाली, म्हणजे याच्या आत गंधकावर जगणारे जिवाणू असणार. १९८१ मध्ये तिचा शोधनिबंध आला. किड्याच्या धडात एक मऊ अवयव असतो, तो अक्षरशः जिवाणूंनी गच्च भरलेला. लाल तुरा पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड (तोच कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू) आणि प्राणवायू दोन्ही ओढतो. त्याचं हिमोग्लोबिन दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी धरून आत नेतं, नाहीतर तो वायू त्याच्यासाठीही विषच. आतले जिवाणू सल्फाइड आणि प्राणवायूची सांगड घालून शक्ती मिळवतात, त्या शक्तीवर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात आणि किड्याला पोसतात. झाड जे उजेडावर करतं, ते हे वायूवर करतात. याला रसायनसंश्लेषण म्हणायचं.

तुमच्या त्या मुलीला सांगा, तिचा प्रश्न ज्या वळणाचा आहे त्याच वळणाचा प्रश्न एका विद्यार्थिनीनं भर सभेत विचारला होता.

—

मलप्रभाकाठ
१० फेब्रुवारी, सकाळी ६:५०

मास्तर, सकाळी धार काढून येऊन वाचूलालोय. अंड्याचा वास आमच्या गोबरगॅसलाही येतोय की. आमच्या टाकीत सूर्य नाही, हवा नाही, तरी आत कोणीतरी काम करतंय म्हणून तर चूल पेटते. समुद्राच्या तळाचे आणि टाकीतले एकच काय?

—

टिळकवाडी_ते_दोनापावला
१० फेब्रुवारी, सकाळी ८:३०

काका, अगदी जवळचे भाऊबंद. गोबरगॅसमधला जळणारा वायू म्हणजे मिथेन. तो बनवणाऱ्यांना आर्किया म्हणतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण जातकुळी वेगळी. ते तुमच्या म्हशीच्या पोटातही आहेत आणि समुद्राच्या गाळातही.

पण एक मोठा फरक आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट (गंधक आणि प्राणवायू यांचं संयुग) भरपूर, दर लिटरला सुमारे २.७ ग्रॅम. हवा नसलेल्या चिखलात हे सल्फेट वापरून 'श्वास' घेणारे जिवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. म्हणून खाडीचा चिखल अंड्यासारखा घाण मारतो. मलप्रभेच्या डोहातल्या किंवा तळ्यातल्या गाळात सल्फेट कमी असतं, म्हणून तिथं काठी खुपसली की बुडबुडे येतात ते बहुतेक मिथेनचे, आणि त्याला तसा वास नसतो. तुमच्या टाकीला येणारा वास शेणातल्या गंधकाचा, तोही थोडाच.

समुद्राखाली खोल गाळात, सल्फेट संपतं तिथून पुढं, मिथेन बनतच राहतो. तो वर यायला निघाला की वाटेत दुसरे आर्किया आणि सल्फेटवाले जिवाणू एकमेकांना बिलगून घोळक्यानं बसलेले असतात, आणि दोघं मिळून तो खाऊन टाकतात. बराचसा मिथेन पाण्यात पोचण्याआधीच संपतो. हे घोळके २००० साली पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसले. मला ही जोडी फार आवडते. एकट्याला ज्यातून काहीच सुटत नाही, त्यावर दोघांचं पोट भरतं.

—

निपाणीकर
१० फेब्रुवारी, दुपारी १:०५

चर्चा छान चालली आहे, पण एक शंका. आपण लहानपणापासून शिकलो की सगळी शक्ती सूर्याची. आता 'सूर्याशिवाय जीवन' असं सगळीकडं लिहितात. नळीकिड्याला प्राणवायू लागतो म्हणालात. मग तो प्राणवायू कुठून आला? वरच्या झाडा-शेवाळांनीच केला ना? म्हणजे सूर्य तिथंही आहेच. विद्यार्थ्यांना 'सूर्याची गरज नाही' असं सरसकट सांगू नये असं माझं मत.

—

खानापूरचा_मास्तर
१० फेब्रुवारी, सायंकाळी ७:२०

निपाणीकर, तुम्ही माझी चूक पकडलीत. मी वर्गात नेमकं तसंच सांगितलं होतं. उद्या दुरुस्त करतो. आणि याच हिशेबानं बघितलं तर माझ्या बाटलीतले वर्तमानपत्राचे कपटे म्हणजे बांबूचं नाहीतर लाकडाचं, म्हणजे साठवलेलं ऊनच. कपाटात ठेवली तरी आत ऊन आहेच.

मग सूर्याशी काहीच देणंघेणं नाही असा कुणी आहे का?

—

टिळकवाडी_ते_दोनापावला
१० फेब्रुवारी, रात्री १०:००

निपाणीकरांचं बरोबर आहे आणि ही गोष्ट बऱ्याच लेखांत सुटते. समुद्रतळाच्या पाण्यातला प्राणवायू ध्रुवांकडच्या थंड, जड पाण्याबरोबर खाली उतरलेला असतो. तो सूर्याचाच. त्यामुळे रिफ्टिया पूर्ण स्वतंत्र नाही.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'हो' आहे. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड या दोघांपासून मिथेन बनवून जगणारे आर्किया. त्यांना प्राणवायू नको, उजेड नको, कुणाचं उरलंसुरलं अन्नही नको. हायड्रोजन येतो खडकातून. पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या काही खडकांत लोह भरपूर असतं, त्यात समुद्राचं पाणी मुरलं की रासायनिक क्रियेत हायड्रोजन सुटतो. अटलांटिकमध्ये २००० साली 'लॉस्ट सिटी' नावाचं असं ठिकाण सापडलं, तिथं चुन्याचे पांढरे मनोरे उभे आहेत.

आणि हे सगळं अमेरिकेकडंच आहे असं नाही. आपल्या हिंदी महासागरात मध्य भारतीय कटकावर (समुद्राखालच्या डोंगररांगेवर) कैरेई नावाचं गरम झऱ्यांचं क्षेत्र आहे. तिथून मिळालेला असाच एक मिथेनवाला जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मोठ्या दाबाखाली वाढवला, आणि २००८ मध्ये दाखवून दिलं की तो १२२ अंश सेल्सिअसला वाढतो. नुसता तग धरतो असं नाही, वाढतो! आमच्या प्रयोगशाळेत भांडी निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांना चालतो. घरातला कुकर शिट्टीला येतो तेव्हा आत साधारण तेवढंच तापमान असतं. वरण शिजतं त्या उष्णतेत हा दुप्पट होतो.

—

कंग्राळीची_पोर
११ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

ताई, १२२ अंशांना पाणी उकळत कसं नाही?

—

टिळकवाडी_ते_दोनापावला
११ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

दाबामुळं. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. अडीच हजार मीटरवर आपल्या इथल्या अडीचशेपट. त्यामुळं काही झऱ्यांतून साडेतीनशे अंशांचं पाणी येतं, तरी वाफ होत नाही. १९७९ मध्ये असे काळा धूर ओकणारे झरे सापडले. तो धूर नसतो. गरम पाण्यात विरघळलेलं लोह, तांबं, जस्त गार पाण्याला भेटलं की सल्फाइड होऊन काळी भुकटी बनते. सरांच्या बाटलीतला काळा थर हाही लोहाचा सल्फाइडच. पण सर, मुलांना एवढं सांगा की बाटलीत ते सल्फाइड जिवाणूंनी बनवलंय आणि झऱ्यात खडकांच्या उष्णतेनं.

भारतीय शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२४ मध्ये हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवरच्या अशा एका जिवंत झऱ्याचा फोटो काढला. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि गोव्याची ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था या दोघींचं ते काम. वर्गात लावण्यासारखा फोटो आहे.

—

शहापूरची_वैनी
११ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

मला तुमच्यातलं अर्धंच कळलं, पण मासळीचं मला कळतं. माझं माहेर मालवणचं. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा इथं मिळणारा बांगडा बघून रडू यायचं. डोळे आत गेलेले, कल्ले तपकिरी. आता बर्फाची गाडी रात्रीत घाट चढून येते, बरा मिळतो. दोन वर्षांमागं एका खानावळीत बांगड्याची आमटी खाल्ली आणि अर्ध्या तासात आमच्या ह्यांचं तोंड लालेलाल, अंगावर गांधी, छातीत धडधड. डॉक्टर म्हणाले मासळीची ॲलर्जी, पुन्हा खाऊ नका. ह्यांनी वर्षभर मासा शिवला नाही. मग घरी ताजा करून घातला, काही झालं नाही. हे पण जिवाणूंचंच काम काय?

—

टिळकवाडी_ते_दोनापावला
११ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१५

वैनी, मी डॉक्टर नाही, त्यामुळं निदान करणार नाही. पण तुम्ही सांगताय ते हिस्टामीनच्या विषबाधेशी फार जुळतं. बांगडा, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक जास्त असतो. मासा पकडल्यावर बर्फात गेला नाही आणि काही तास ऊबेत राहिला, की काही जिवाणू त्या हिस्टिडीनचं हिस्टामीन करतात. आपल्या शरीरात ॲलर्जी उठते तीही हिस्टामीनमुळंच, म्हणून लक्षणं सारखी. यातली घातक गोष्ट अशी, की शिजवल्यानं जिवाणू मरतात पण हिस्टामीन तसंच राहतं. तिखट, कोकम, कितीही उकळी, उपयोग नाही. एकच उपाय, जाळ्यातून निघाल्यापासून बर्फ. घाटावर राहणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण आपला मासा लांबून येतो. पुन्हा असं झालं तर डॉक्टरांना नुसतं 'मासळी खाल्ली' न सांगता कुठला मासा, किती वेळापूर्वी, आणि सोबत खाणाऱ्या दुसऱ्या कुणाला झालं का, तेही सांगा.

मासळीच्या वासाची गोष्ट तर थेट खोल समुद्रात जाते. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, त्याला स्वतःचा वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, तो आपला ओळखीचा वास. हिडकल धरणाच्या गोड्या पाण्यातल्या माशात तो पदार्थ फार कमी, म्हणून त्याला 'समुद्री' वास येत नाही. कोकम किंवा चिंच लावली की आम्लात तो वायू बांधला जातो आणि वास बसतो, हे तुमच्या आजीला रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं. आता पुढचं: मासा जितक्या खोल राहणारा, तितका हा पदार्थ त्याच्या अंगात जास्त. प्रचंड दाबाखाली प्रथिनं वाकू नयेत म्हणून तो आधार देतो. साधारण आठ हजार चारशे मीटरच्या खाली मासेच दिसलेले नाहीत, त्याचं एक कारण या पदार्थाची मर्यादा असावी असं मानतात. जिवाणू मात्र जवळजवळ अकरा हजार मीटरवरच्या सर्वांत खोल गर्तेतही आहेत.

—

मलप्रभाकाठ
११ फेब्रुवारी, रात्री ८:४५

मग तळाला टाकलेलं अन्न आपल्या इथल्यासारखंच नासतं, की गारठ्यानं टिकतं?

—

टिळकवाडी_ते_दोनापावला
११ फेब्रुवारी, रात्री ९:३०

काका, याचा प्रयोग एका अपघातानं झाला. तीच ऑल्विन पाणबुडी. ऑक्टोबर १९६८ मध्ये पाण्यात सोडताना दोर तुटला आणि ती सुमारे दीड हजार मीटर खाली गेली. माणसं कशीबशी बाहेर पडली, पण त्यांची जेवणाची शिदोरी आत राहिली: सँडविच, सफरचंदं, थर्मासात सूप. दहा महिन्यांनी पाणबुडी वर काढली. सँडविच भिजलेलं होतं, पण खाण्याजोगं! सफरचंदं जवळपास धड. तेच अन्न मग फ्रीजमध्ये तशाच गारठ्यात ठेवलं, तर काही आठवड्यांत नासलं. म्हणजे एकट्या थंडीचं ते काम नव्हतं. होल्गर यानाश या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं यावरून पुढं कितीतरी प्रयोग केले. वरून गेलेल्या जिवाणूंना त्या दाबात काम करणं जड जातं. दाबाशिवाय ज्यांचं चालतच नाही असे जिवाणू वेगळे, ते नंतर सापडले.

मी गाळाचे नमुने बघायचे तेव्हा ही शिदोरी नेहमी आठवायची. आपली भाकरी दोन दिवसांत बुरसटते, तिथं दहा महिने.

—

निपाणीकर
१२ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

आपल्या जवळच्या समुद्राबद्दलही कुणी लिहावं. गोवा-कारवारला मासे मरून किनाऱ्याला लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात.

—

टिळकवाडी_ते_दोनापावला
१२ फेब्रुवारी, दुपारी २:००

प्रत्येक घटनेचं कारण वेगळं असू शकतं, पण एक मोठं कारण सांगते. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या दरम्यान प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्याचा जाड थर आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी एक. वरून खाली पडणारं मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खाताना जिवाणू तिथला प्राणवायू संपवतात. तो संपला की नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. समुद्राचं खत असं हवेत परत जातं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात हे कमी प्राणवायूचं पाणी आपल्या किनाऱ्याकडं वर सरकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवा-कारवारच्या उथळ समुद्रातही तळाजवळ प्राणवायू शून्याला टेकतो आणि पाण्यात हायड्रोजन सल्फाइड दिसतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे २००० साली जगापुढं मांडलं. शेतातून नदीवाटे जाणारं जादा खत या प्रकाराला जोर देतं. घाटमाथ्याचं पाणी दोन्हीकडं वाहतं, म्हादई तर आपल्याच खानापूरच्या रानातून गोव्याला जाते. तेव्हा हे लांबचं प्रकरण नाही.

—

कंग्राळीची_पोर
१२ फेब्रुवारी, रात्री ९:००

मी पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकले, आता सगळं इंग्रजीतून. पहिले सहा महिने वर्गात नुसती बसून होते. या धाग्यात जे शब्द आलेत, ते सरांनी पोरांना मराठीबरोबर इंग्रजीतही वहीत लिहून द्यावेत, एवढी विनंती. रसायनसंश्लेषण हा शब्द मला आज कळला, आणि आमच्या पुस्तकातला तोच धडा पुन्हा वाचल्यावर पहिल्यांदा समजला.

—

खानापूरचा_मास्तर
१६ मार्च, दुपारी ४:१०

महिन्यानं येतोय, माफ करा. कंग्राळीच्या ताईंच्या सूचनेप्रमाणं सत्तावीस शब्दांची दुभाषी यादी भिंतीवर लावली आहे. मलप्रभाकाठ काकांनी आपल्या डोहातला गाळ पाठवला, त्याचीही एक बाटली भरली. ती अजून करडीच आहे, बुडबुडे मात्र येतात.

काल कपाट उघडलं. मुलं गर्दी करून उभी होती. अंधारातली बाटली तळापासून वरपर्यंत काळी. हिरवा पट्टा नाही, कोकमाचा थर नाही. पण चिखल आणि पाणी जिथं भेटतात तिथं कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा पातळ पापुद्रा धरला होता. ड्रॉपरनं थोडा उचलून सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. चारशेपट मोठं केल्यावर लांब, रंगहीन तंतू दिसले, हळूहळू सरकणारे, आणि त्यांच्या आत चमकणारे बारीक मणी. गंधकाचे कण. खालून येणारा सल्फाइड आणि वरून उतरणारा प्राणवायू जिथं भेटतात, नेमकी तीच रेघ त्यांनी धरली होती.

प्रश्न विचारणारी मुलगी सगळ्यात शेवटी आली, कारण तिला घाई नको होती. पाच मिनिटं डोळा लावून बघत राहिली. मग म्हणाली, "सर, वरचं झाकण घट्ट बंद केलं तर हे पण जातील, होय ना? मग कोण राहील?"

आज तिनंच तिसरी खाडीची बाटली भरली. काठोकाठ पाणी, आत हवेचा एक बुडबुडाही ठेवला नाही. वायूसाठी झाकणाला छिद्र पाडून बारीक नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं. बाटली कपाटात आहे. मे महिन्यात शाळा बंद असेल, किल्ली मी तिच्याकडं दिली आहे.